तळटीपबाई

जनावरांचं रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं कामाला होती. शहरातले सगळे जनावरांचे डॉक्टर तिला ओळखत, आणि पाहिलं मात्र तिला एकानंही नव्हतं. पाहण्यासारखं काही होतं असंही नाही. ठेंगणी, सत्तेचाळीस वर्षांची, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं बांधलेली बाई. काउंटरमागे एक दार, दारामागे एक खोली, खोलीत एक फ्रिज, रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं एक यंत्र, आकडे काढणारं एक मोठं मशीन आणि ती. डॉक्टर ओळखत होते ते तिच्या अक्षराला.

त्याचं असं होतं. मशीन रिपोर्ट छापायचं. प्रत्येक आकड्यापुढे नेहमीची हद्द छापायचं, आणि आकडा हद्दीबाहेर गेला की त्याच्या डोक्यावर लाल चांदणी ठोकायचं. पण मशीनच्या लेखी कुत्रं म्हणजे कुत्रं. खुर्चीखाली मावणारं असो की खुर्ची उलथवणारं, सगळ्यांना हद्द एकच. आता शर्यतीत पळणारा ग्रेहाउंड घ्या. बरगड्या मोजून घ्याव्यात असं ते अंग, पण रक्त काकवीसारखं दाट. मशीन त्याच्यावर चांदण्यांची बरसात करायचं. एका नवख्या डॉक्टरानं तर असा रिपोर्ट बघून त्या बिचाऱ्याचं वाटीभर रक्त काढून टाकायची तयारी केली होती. तिनं रिपोर्टाखाली हिरव्या शाईनं लिहिलं, ‘ग्रेहाउंड. या जातीचं रक्त दाटच असतं, प्लेटलेट कमीच असतात. कुत्रं धडधाकट आहे. डॉक्टरांनी घाबरू नये.’ शेवटचं वाक्य प्रयोगशाळेच्या मालकांनी खोडायला लावलं. पण डॉक्टरानं फोन करून आभार मानले, आणि तेव्हापासून हिरवी ओळ सुरू झाली.

लांब कानांच्या, मांडीवर मिरवायच्या स्पॅनियलच्या प्लेटलेट थोड्या पण एकेक टपोरी असते, आणि मशीन त्या मोजायचंच विसरतं. मग ती काचेवर थेंब पसरून, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, एकेक मोजायची आणि खाली लिहायची. तिच्याकडे एक जाड वही होती. प्रत्येक जातीला एक पान. निरोगी कुत्र्यांचे आकडे ती वर्षानुवर्षं त्यात टिपून ठेवत आली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी त्याचे पैसे देत नव्हतं.

“बाई, तुम्ही तपासनीस आहात की कुत्र्यांच्या वकील?” मालक म्हणायचे.

“त्यांना वकील लागत नाही. मशीनला अक्कल लागते,” ती म्हणायची.

डॉक्टरांनी तिला नाव पाडलं तळटीपबाई. होता होता शहरात अशी रीत पडली की डॉक्टर रिपोर्ट हातात आला की आधी तळाशी बघायचे. हिरवी ओळ असली तर चांदणी खोटी. हिरवी ओळ नसली तर चांदणी खरी. मशीनपेक्षा तिच्या न लिहिण्यावर त्यांचा जास्त विश्वास.

म्हणून ती फार प्रेमळ बाई होती असं कुणी समजू नये. भावजयीशी ती सहा वर्षं एका कुकरच्या झाकणावरून बोलत नव्हती. काउंटरवालीनं एकदा तिचा कप वापरला, तर तिनं तो कप तिच्यादेखत कचऱ्यात टाकला होता. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, असं तिची आईच तिच्याबद्दल सांगायची. दोन खोल्यांच्या घरात त्या मायलेकीच राहायच्या. आईला कानांनी दगा दिला होता, पण जिभेनं नाही.

आणि आईच्या जिभेवर रोज संध्याकाळी एकच वाक्य यायचं. “त्या डॉक्टरानं तेव्हा एक ओळ लिहून दिली असती, तर आज तू तुझ्या घरात असतीस.”

तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तिचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. एकदा जिना चढताना तिला भोवळ आली. सासूला वाटलं गोड बातमी आहे, म्हणून हौसेनं दवाखान्यात नेलं. गोड बातमी नव्हतीच, पण रक्ताचा रिपोर्ट आला. हात दाखवून अवलक्षण. हिमोग्लोबिन कमी, लाल पेशी आकारानं लहान, पुढे चांदण्या. डॉक्टर तोंडी म्हणाले, “काही नाही हो, काही घराण्यांत असतंच असं. हिचं हेच नॉर्मल आहे. भोवळ उपाशीपोटी आली असेल. फक्त मूल व्हायच्या आधी नवऱ्याचं रक्त एकदा बघून घ्या, त्याच्यात हे नसलं तर काळजीचं कारण नाही.”

सासू खुर्चीतून उठलीच. “माझ्या मुलाचं रक्त कशाला बघायचं? खोट कुणात निघाली?”

डॉक्टर बोलले ते हवेत विरलं. चांदण्या कागदावर राहिल्या. सासूनं तो कागद नातेवाइकांत फिरवला, शेजारणींना दाखवला, शेवटी वकिलाला दाखवला. नवरा आईच्या मागे उभा राहून बुटांकडे बघत होता. घरातून निघाली तेव्हा तिची बॅग फक्त सासऱ्यांनी उचलली. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत आले, बस येईपर्यंत थांबले, आणि बस समोर दिसल्यावर म्हणाले, “तुझ्यात काही खोट नाही, पोरी. मी डॉक्टरांना परत जाऊन विचारून आलोय. पण घरात बोलायची माझी छाती नाही.”

इतकं खरं बोलणारा माणूस तिला पुन्हा भेटला नाही, आणि इतका निरुपयोगीही.

माहेरी आल्यावर ती रक्त तपासायचंच शिकली. कागदाखाली एक ओळ असती तर, या एका वाक्यावर तिनं उरलेला जन्म उभा केला. दुसरी कुठली बाई देवाधर्माला लागली असती. ही हिरव्या शाईला लागली.

त्या मंगळवारी सकाळी दहाला नळी आली. चिठ्ठीवर लिहिलं होतं : गुंडी, अकिता, मादी, वय नऊ. दोन दिवस खात नाही. तोंडाला हात लावू देत नाही, गुरगुरते. रक्त काढलं काल संध्याकाळी सहाला.

तिनं च् च् केलं. म्हणजे नळी रात्रभर दवाखान्याच्या फ्रिजमध्ये तशीच पडून होती. दुसऱ्या कुठल्या कुत्र्याची असती तर फारसं बिघडलं नसतं. पण वहीतलं अकिताचं पान तिला तोंडपाठ होतं. लाल पेशी लहान, ते नेहमीचंच. आणि या जातीतल्या पुष्कळ कुत्र्यांच्या पेशी पोटॅशियमनं गच्च भरलेल्या असतात. रक्त ताबडतोब फिरवून वेगळं केलं नाही, तर पोटॅशियम पेशींतून पाझरत राहतं आणि आकडा भलताच चढतो. तिनं पानाच्या शेवटी लिहून ठेवलं होतं, ‘दोष नळीत असतो, कुत्र्यात नसतो. ताजं रक्त मागवावं.’

झालंही तसंच. पोटॅशियम साडेपाचच्या आत हवं, ते आलं आठ पूर्णांक चार. मशीननं दोन चांदण्या टाकल्या आणि खाली ठळक छापलं : धोक्याची पातळी. इतकं पोटॅशियम खरंच अंगात असेल तर हृदय केव्हाही बंद पडतं. बाकी मूत्रपिंडाचे आकडे स्वच्छ होते, साखर ठीक होती. तिनं दुसऱ्यांदा लावून बघितलं. तोच आकडा. तिनं हिरव्या पेनाचं टोपण काढलं, रिपोर्टाचा क्रमांक चिठ्ठीशी ताडून बघायला चिठ्ठी पुढे ओढली आणि मालकाच्या रकान्यातलं नाव पहिल्यांदा वाचलं.

आडनाव तेच, जे तिनं आठ महिने लावलं होतं. नाव सासूचं. पत्ताही तोच.

तिनं पत्त्यावरून बोट फिरवून तो पुन्हा वाचला. मग स्वतःशी म्हणाली, असेना का. त्या कुत्र्यानं माझं काय घोडं मारलंय? तिनं पेन कागदाला टेकवलं, आणि तेवढ्यात काउंटरवरून आवाज आला. तेवीस वर्षांत जाडसर झालेला, पण तोच.

“किती वेळ अजून? घरी म्हातारं माणूस एकटं आहे.”

“बसा ना काकू, होतच आलंय,” काउंटरवाली म्हणाली. तिला गिऱ्हाइकाशी गप्पा मारायची भारी हौस. “कुत्री जातिवंत दिसतेय तुमची.”

“जातिवंत म्हणजे? आईबापांचे कागद बघून आणली. आम्ही कागद बघितल्याशिवाय घरात काही घेत नाही आता. एकदा फसलो ना. सूनच आणली होती तशी.”

“अगं बाई! म्हणजे?”

“रक्तच खराब निघालं तिचं. दिसायला बरी होती. म्हणजे ठेंगणीच, पण बरी. आठ महिने खाऊपिऊ घातलं, आणि मग रिपोर्ट आला. चांदण्याच चांदण्या! दिली पाठवून. अहो, दुकानदार तडा गेलेला कप परत घेतो, मग आईबापांना मुलगी परत घ्यायला काय झालं?”

काउंटरवाली हसली. तिला हसायचा पगार नव्हता, तरी हसली. “मग हो?”

“मग काय, दुसरी केली. तपासून. दोन नातू आहेत मला, घोड्यासारखे.”

ती दारात येऊन उभी राहिली होती. रक्त केव्हा काढलं ते विचारायला म्हणून उठली होती, निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं. ते तर चिठ्ठीवर लिहिलेलंच होतं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत सासू बसली होती. केस पांढरे, हातात पिशवी, पायांत मऊ बूट. सासूनं मान वर करून सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. पुरतं बघितलं. आणि त्या नजरेत ओळखीचा एक कणही नव्हता. राग नव्हता, चोरटेपणा नव्हता, काहीच नव्हतं. फुटका कप फेकून दिल्यावर तो कोण आठवत बसतं?

“तुम्हीच का तपासणाऱ्या?” सासू म्हणाली. “माझ्याकडे काय बघताय? रक्ताकडे बघा. आणि तो चष्मा बदला आधी. कशानं बांधलाय तो?”

“रक्त काल संध्याकाळी काढलं ना?”

“हो. का?”

“काही नाही.”

ती आत गेली. पेनाचं टोपण लावलं. रिपोर्ट पाकिटात घातला, आणि पाकीट बाहेर दिलं.

तिनं हिशेब केला होता, तो असा. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई कुत्रीला भरती करून घेतील. सलाईन लावतील. सासू दोन दिवस धावाधाव करील, दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागणार नाही. मग ताजं रक्त काढतील, आकडा सरळ येईल, आणि कुत्री शेपूट उडवत घरी जाईल. दोन दिवस. फक्त दोन दिवस तिनं चांदणीखाली काढावेत. मी तेवीस वर्षं काढलीत. आणि वाटलंच, तर उद्या सकाळी मीच दुरुस्त रिपोर्ट पाठवीन.

तीन वाजता डॉक्टरीण बाईंचा फोन आला.

“तळटीपबाई, अकिता आहे ना ही? आणि तुमची टीप नाही खाली. म्हणून म्हटलं विचारावं. आठ पूर्णांक चार?”

“मशीननं दोनदा तोच आकडा दिलाय.”

यात खोटं काहीच नव्हतं.

“म्हणजे टीप राहून गेली असं नाही ना?”

तिनं हिरव्या पेनाचं टोपण अंगठ्यानं घट्ट दाबलं.

“टीप नाही,” ती म्हणाली.

“मग झालं. तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच नाही.”

त्या संध्याकाळी तिला कधी नव्हे ती भूक लागली. ती दोनदा वाढून घेऊन जेवली. आईनं रोजचं वाक्य म्हटलं. “एक ओळ लिहून दिली असती मेल्यानं.” तिनं रोजच्यासारखी मान हलवली, आणि मनात म्हणाली, कळेल आता, एक ओळ नसली की काय होतं ते.

बुधवारी ती कामाच्या वेळेआधी तासभर गेली. रिपोर्ट पुन्हा छापला, आणि त्याखाली हिरव्या शाईनं लिहिलं, ‘अकिता. नळी रात्रभर तशीच राहिल्यानं पोटॅशियम खोटं चढलं आहे. पेशी लहान, ते या जातीचं नेहमीचं. काळजी नसावी. ताजं रक्त पाठवावं.’ फोन करून चाललं असतं. पण सासूचा रात्रभर जागलेला चेहरा तिला स्वतःला बघायचा होता. तिनं कागद पर्समध्ये घातला आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दवाखान्यात गेली.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या, टापटीप. नाव सांगितल्याबरोबर त्यांचा चेहरा फुलला. “तुम्हीच का त्या! अहो, या ना, बसा. किती वर्षं अक्षरच बघतेय तुमचं. आज काय इकडे?”

“कालची अकिता,” ती म्हणाली.

“गेली हो ती.” डॉक्टरीण बाईंचा आवाज उतरला. “म्हणजे, झोपवली आम्ही. काल साडेपाचला. मी म्हटलं होतं, भरती करू, उद्या परत रक्त बघू. काकू म्हणाल्या, रिपोर्टात आलंय ना, मग मरण लांबवून काय करायचं? घरी आधीच एक आजारी आहे, दोन दोन कोण काढणार? मी तरी अडवलं असतं. पण तुमची टीप नव्हती. खरं सांगू? तुमच्यामुळे मला हातात सुई घेताना मनात किंतु राहिला नाही.”

तिनं पर्सची चेन होती तिथून आणखी पुढे ओढून बंद केली.

“तुम्ही कशासाठी आला होता?”

“तुमच्याकडच्या रिकाम्या नळ्या संपल्या असतील, म्हटलं विचारावं.”

बाहेरच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. आत शिरताना तिनं त्याला पाहिलंच नव्हतं, दुसरीकडेच लक्ष होतं तिचं. डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, उजव्या हातात चामड्याचा पट्टा. कुत्रीचा. त्याच्या बुटांवर, विजारीवर, कोटाच्या बाहीवर पांढरे केस चिकटलेले होते. नऊ वर्षांचे असावेत तितके.

सासूनं ओळखलं नव्हतं. त्यानं ओळखलं. लगेच.

“पोरी,” तो म्हणाला. “तूच ना ती?”

“बाबा.”

अर्धांगाच्या झटक्यानं त्याचं तोंड जरा वाकडं झालं होतं, शब्द घसरत होते. “इथं कशी?”

“रक्त तपासते. लॅबमध्ये.”

“गुंडीचं तूच तपासलंस?”

“हो.”

त्यानं मोठा श्वास सोडला. “मग बरं झालं. रात्रभर मला वाटत होतं, घाई झाली. झटका आल्यापासून माझ्या शेजारीच निजायची. हिला आवडायचं नाही. मला वाटलं, हिनं घाई केली. पण तू तपासलंस म्हणजे घाई नाही झाली. तुला कळणार. तुला नाही कळणार तर कुणाला कळणार?”

ती उभीच होती. बाकावर जागा होती, पण बसली नाही.

“एक सांग,” तो म्हणाला, आणि पट्टा मांडीवर ठेवून त्यानं खिशातून रुमालाची घडी काढली. एका हातानं ती त्याला उलगडेना. तिनं उलगडून दिली. आत करंगळीच्या पेराएवढी काटकी होती, एक टोक काळं पडलेलं. “शेवटी तिचं तोंड उघडं पडलं, तेव्हा दिसली. दाढेत रुतली होती. मला वाटलं, त्यानंच खात नव्हती की काय. ही म्हणाली, काटकीनं कुणी मरतं का, रक्तातच होतं तिच्या.” त्यानं वर बघितलं. “रक्तातच होतं ना?”

पर्समध्ये कागद होता. त्यावर हिरवी ओळ होती, आणि ती ओळ खरी होती. चेन ओढायचाच काय तो अवकाश. हा माणूस तेव्हा रस्त्याच्या कोपऱ्यावर तिच्याशी खरं बोलला होता. खरं ऐकून ती बसमध्ये चढली होती, आणि मग तेवीस वर्षं त्या खऱ्याचं करायचं काय, हे तिला उमगलं नव्हतं.

“हो,” ती म्हणाली. “रक्तातच होतं.”

“ठेवली असती तर त्रास झाला असता?”

“झाला असता.”

त्यानं मान हलवली आणि उजव्या हातानं तिचा हात थोपटला. आभार मानल्यासारखा.

आतून सासू बाहेर आली. न वापरलेल्या औषधाची बाटली परत घ्या म्हणून ती कंपाउंडरशी वाद घालत होती, आणि जिंकून आली होती. झोप व्यवस्थित झालेली दिसत होती. “कोण हो ही?”

सासऱ्यांनी पट्टा मुठीत घेतला, तिच्याकडे बघितलं, मग बायकोकडे. “लॅबमधल्या बाई आहेत,” ते म्हणाले.

छाती अजूनही तेवढीच होती.

“हां, त्या चष्म्याच्या! बरं झालं भेटलात. यांना आता दुसरं पिल्लू आणून द्यावं लागणार, नाहीतर भिंतीकडे बघत बसतात नुसते. यावेळी घ्यायच्या आधीच रक्त काढून तुमच्याकडे पाठवते. खोट असली तर स्पष्ट लिहा बाई. भीडभाड नको.”

तीन आठवड्यांनी नळी आली. अकिताचंच पिल्लू, पाच महिन्यांचं, नर. तिनं स्वतः फोन करून रक्त काढल्या काढल्या वेगळं करून घेतलं होतं. पोटॅशियम अगदी सरळ. सगळे आकडे कसे रांगेत. फक्त लाल पेशी लहान, आणि त्यांच्यापुढे एकुलती एक चांदणी.

तिनं हिरवं पेन काढलं. एकोणीस वर्षांत लिहिली नव्हती इतकी मोठी टीप तिनं लिहिली, शाळेतल्या मुलीसारखी सावकाश, ठळक अक्षरांत. ‘या जातीत लाल पेशी लहानच असतात. हा आजार नाही. हा दोष नाही. या पिल्लासाठी हेच नेहमीचं आहे. पिल्लू पूर्ण निरोगी आहे. निःशंक मनानं घरी न्यावं.’ पाच ओळी. खाली सही केली, पूर्ण नावानिशी, माहेरच्या. कागद तिनं स्वतः पाकिटात घातला आणि काउंटरवर नेऊन दिला.

शनिवारी काउंटरवाली चहा घेऊन आत आली. आता ती स्वतःचा कप घेऊन यायची.

“ती काकू आली होती हो मघाशी, अकितावाली. रिपोर्ट येईपर्यंत घरी आणून ठेवलेलं पिल्लू परत केलं तिनं.”

“का?”

“म्हणे खाली पाच ओळी लिहिल्यात, म्हणजे काहीतरी असणारच. मी म्हटलं, अहो काकू, वाचा तरी, निरोगी आहे असंच लिहिलंय. तर काय म्हणाली माहितेय? निरोगी असतं तर तसं लिहायची वेळ कशाला आली असती? सरळ असतं त्याला सरळ आहे म्हणून सांगावं लागत नाही.” काउंटरवालीनं फुर्र करून चहा प्यायला. “काय बाई एकेक! म्हातारा घेऊन बसला होता म्हणे पिल्लाला मांडीवर. त्याच्या मांडीवरून उचललं.”

“तो काही बोलला नाही?”

“तो कशाचा बोलतोय!”

त्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला घरी गेली. आईसाठी पाव दुधात भिजवला, वाटी तिच्यासमोर ठेवली, आणि समोरच्या स्टुलावर बसली. आईनं पहिला घास घेतला, तोंड पुसलं.

“त्या डॉक्टरानं तेव्हा एक ओळ लिहून दिली असती,” आई म्हणाली, “तर आज तू—”

“तरी नसतं ठेवलं त्यांनी मला, आई.”

“काय?” आईनं कानामागे हात धरला. “काय म्हणालीस?”

तिनं आईकडे बघितलं. तेवीस वर्षं म्हातारी या एका वाक्यावर जगत आली होती. ते काढून घ्यायचं तर मोठ्यानं ओरडून सांगावं लागलं असतं, शेजारीपाजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तिनं ओरडून सांगितलं.